बांगड्यांखालचे चौकोन

मदन महल, जबलपूर
१० जानेवारी १९९९

मावशी, जय भीम.

नवी नोकरी कशी चालू आहे म्हणून विचारलंस. घाण चालू आहे. एम.एस्सी. केमिस्ट्री करून मी घमापुरातल्या एका टिनाच्या शेडमध्ये दिवसभर गरम मेण ढवळत बसते. त्या मेणाचा तुपकट वास आणि वरून ओतलेलं गुलाबाचं अत्तर, दोन्ही केसांत असे बसलेत की घरी पोळी लाटली तरी पोळीला तोच वास येतो. बाबा परवा पहिला घास तोंडात घालून म्हणाले, "विनता, कणकेत साबण पडला काय ग?" मी उठले, पुन्हा डोकं धुतलं. वास गेला नाही.

मालकाचं नाव श्यामसुंदर. आजवर केसांचं तेल आणि थंडीचं क्रीम बनवत होते, आता त्यांना फळांतल्या ऍसिडचं क्रीम काढायचं आहे. हे ऍसिड वरची मेलेली कातडी सोलून काढतं आणि खालची नवी वर येते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. ते खरंही आहे, पण त्यांनी डबीचं नाव ठेवलं 'सात सुबह'. सात सकाळी लावा आणि गोरे व्हा! माणूस असा की ओठाच्या कोपऱ्यातलं पान ज्या बोटानं पुसतो तेच बोट माझ्या पातेल्यात बुडवतो, हातावर चोळतो, हुंगतो आणि म्हणतो, "मैडम, थोड़ा और झन्नाटा चाहिए." लावल्यावर झणझणायला हवं म्हणे. मला दर वेळी ओकारी येते. ते पातेलं फेकून द्यायला पाहिजे. मी फेकत नाही. वरचा थर चमच्यानं काढून टाकते आणि पुढचं काम करते.

काम सांगते, तू दवाखान्यातली आहेस, तुला समजेल. तेलाचं पातेलं वेगळं, पाण्याचं वेगळं. दोन्ही सारखीच तापवायची, मग एकात दुसरं धारेनं सोडत निवेपर्यंत घोटायचं. तेव्हा ते साईसारखं जमतं. ऍसिड पडलं की त्यांचं जुनं क्रीम दुधासारखं फाटायचं, खाली पाणी आणि वर गुठळ्या. मी मेण बदललं, तेव्हा टिकलं. पण नुसतं ऍसिड फार जहाल, म्हणून त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून त्याचा जोर मारावा लागतो. सोडा पूर्ण घातला की क्रीम पातळ होऊन डबीतून वाहतं आणि मालक तोंड वाकडं करतात. म्हणून मी सोडा निम्मा केला. घट्ट झालं.

निम्म्या सोड्यानं कुणाला काही होत तर नाही, हे पाहायला पॅकिंगच्या अठरा बायांच्या हातांवर चाचणी केली. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला क्रीम, त्यावर कपड्याचा चौकोन, त्यावर चिकटपट्टी. एक दिवस ठेवायचं, काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचं. ऍसिड विकणाऱ्यांनी एक पुस्तिका दिली आहे, रंगीत फोटोंची. लाली नाही म्हणजे शून्य, जराशी लाली म्हणजे एक, असं चारपर्यंत. मावशी, अठराच्या अठरा हात शून्य! मी ट्यूबलाइटखाली पाहिलं, बाहेर उन्हात नेऊन पाहिलं. कुठ्ठे लाल नाही. एवढ्या घाणीत माझ्या हातून एक काम तरी स्वच्छ झालं म्हणून त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

आता मालकाला त्या कागदावर माझी सही पाहिजे. होळीनंतर माल इंदूरच्या एजन्सीला जायचा आहे आणि केमिस्टच्या सहीशिवाय ते घेत नाहीत. तू पंचवीस वर्षं स्किन ओपीडीत कातड्या पाहून राहिली. दोन दिवस पुरेत ना ग? सांग, मग सही करते.

बेबी बरी आहे. एप्रिलमध्ये तिला पाहायला नागपूरचे पाहुणे येणार म्हणून मी आईची साडी काढून दाखवली, तर म्हणाली, "दीदी, अभी से क्या." आई असती तर हे सगळं तिनं केलं असतं. आता आई म्हणजे तूच.

तुझी,
विनता


नागपूर
२१ जानेवारी १९९९

विनते, जय भीम.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ड्यूटीवर डबा खाऊन राहिली होती. पानाच्या बोटापर्यंत वाचलं अन् डबा बंद केला. मावशीची काही दयामाया?

तुझे शून्य मला पटून नाही राहिले. अठरा हात अन् एकालाही काही नाही? मी सावकाश लिहीन, आज वॉर्डात दोघी रजेवर आहेत. तोवर सही नको करू.

आमच्या ओपीडीत येऊन पाह्य एकदा. दररोज दहा-बारा पोरी येतात तोंड बांधून. कुणी मैत्रिणीनं दिलेली ट्यूब चोपडली, कुणी पार्लरवालीनं दिलेलं पाणी. ओढणी सोडली की खाली पाणी सुटलेले गाल. वास येते बाई. अन् त्यातही विचारतात, "सिस्टर, डाग जाऊ द्या, पण गोरं तं होईन ना?" मला गोरेपणाच्या डबीचं नुसतं चित्र दिसलं तरी मळमळते.

परवा मालनबाईकडे गेली होती, एप्रिलमध्ये बेबीला पाहायला यायचा त्या शरच्चंद्रच्या आईकडे. बेबीचा फोटो घेऊन ती बाई खिडकीपाशी गेली, उजेडात धरला, तिरपा केला, वांगं किडकं आहे काय पाहते तशी. म्हणे, "नाकीडोळी नीटस आहे, पण रंग दबलेला आहे बाई." अन् स्वतः कशी? माझ्यापेक्षा दोन बोटं जास्तच काळी! विहारात पहिल्या रांगेत बसते, माणूस सारा सारखा म्हणून टाळ्या वाजवते, अन् घरी येऊन पोरीचा फोटो तिरपा करते. मला शिसारी आली. पण मी उठून नाही आली, विनता. मी चहा पिली. अन् वरून म्हणाली, "फोटो हिवाळ्यातला आहे, उजळते ती." काहून म्हणाली, माझं मलाच समजून नाही राहिलं. पोरगा सरकारी नोकरीत आहे, कसलं व्यसन नाही, बोलतो असा हळू. असं स्थळ बेबीच्या हातचं जाऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सोबतची बंद चिठ्ठी बेबीची आहे. तिच्या हाती दे. आमच्या दोघींतलं आहे, तू नको उघडू.

प्रतिमामावशी


मदन महल, जबलपूर
९ फेब्रुवारी १९९९

मावशी, जय भीम.

तू 'सावकाश लिहीन' म्हणालीस, ते पत्र अजून आलं नाही. मला आता थांबवत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या पॅकिंगवर भागीरथाबाई आहे, भंडाऱ्याकडची, बायांची मुकादम म्हण. शनिवारी ती नळावर हात धुवायला बसली आणि बांगड्या वर सारल्या. मनगटाच्या वर काळा चौकोन. स्केल लावून आखावा तसा, कडा सरळ, कोपरे टोकदार. मी विचारलं, "हे काय?" ती हसली. म्हणाली, "तुमचाच चौकोन व्हय, मॅडम."

मी सगळ्यांना बोलावलं, बांगड्या वर करा म्हटलं. अठरातल्या चौदा जणींच्या हातावर तो चौकोन होता. कोणाचा काळा, कोणाचा तपकिरी, दोघींचा मधोमध सोललेला आणि चिकट. ते कपड्याचे तुकडे मी कापले होते, मावशी. माझ्या कात्रीनं, एका मापाचे. आणि महिनाभर त्या बाया बांगड्या खाली ओढून ते झाकत होत्या.

मी ओरडले, "सांगितलं काहून नाही?" भागीरथाबाई म्हणाली, "तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही लाल हाय का पाह्यलं. लाल नोहतं." मी म्हटलं, "जळत होतं काय?" तर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. रात्रभर जळत होतं म्हणे. एकीनं ओल्या फडक्यात हात गुंडाळून ठेवला होता. मग बोलल्या काहून नाहीत? एक म्हणाली, "दीदी, हम समझे मैल निकल रहा है. जितना जले उतना साफ." आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांच्या दृष्टीनं ते क्रीम काम करत होतं!

मी तशीच भागीरथाबाईला घेऊन मालकाकडे गेले. त्यांनी भागीरथाबाईचा हात बोटाच्या टोकानं धरून पाहिला, मेलेला उंदीर शेपटीनं धरतात तसा, आणि सोडला. "काले पे काला है मैडम, किसको दिखेगा?" मग पिकदाणीत थुंकले आणि हसले. मी मोरीपाशी जाऊन ओकले. खरंच ओकले.

रोज तो कागद माझ्या पुढ्यात येतो. सही करू की नको, तू सांग. आणि हे सांग की मी चुकले कुठे. पुस्तिकेत होतं तस्संच मी केलं होतं.

बेबीला सर्दी झाली आहे. आठ दिवस झाले, तोंडाला ओढणी बांधून फिरते, ताटही खोलीत नेते. धुळीची ऍलर्जी आहे म्हणते. तुझी चिठ्ठी तिला दिली होती, खूश झाली होती.

विनता


नागपूर
१८ फेब्रुवारी १९९९

विनता,

चुकली कुठं विचारतेस? उजव्या हातानं डाव्या हाताला चिमटा काढ. जोरात काढ. काढला? आता पाह्य किती लाल झालं ते.

झालं काही लाल? त्या पुस्तिकेतले फोटो कोणाचे आहेत, पाह्यलं काय कधी? गोऱ्या सायबांचे ना? त्यांच्या कातडीला जरा लागलं की लाल दिसते, म्हणून त्यांनी लालीचे नंबर पाडले. तू काळी, मी काळी, आपल्या आज्या-पणज्या उन्हात राबून काळ्या, अन् तू अठरा काळ्यासावळ्या हातांवर लाली हुडकून राहिली होती. उन्हात नेऊन! डोळ्यासमोर स्वतःचा हात होता ना ग? एम.एस्सी. म्हणे. मला राग येऊन राहिला अन् रडूही येऊन राहिलं.

मी काय करते ते सांगते. मी हाताची उलटी बाजू लावते, लेकराचा ताप पाहतो तशी. आजूबाजूची कातडी थंड अन् तेवढीच जागा ऊन लागली की समजायचं, आत आग आहे. मग विचारते, जळते काय, खाजते काय, झोप लागली काय. अन् तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बोलावते, कारण आपल्या कातडीवर आग विझल्यावर काळं पडते. दोन दिवसांत काय दिसणार डोंबल! आमच्याकडचे नवे डॉक्टरही फसतात, तेही तसल्याच पुस्तकांतून शिकून येतात. मला कुण्या पुस्तकानं नाही शिकवलं. पट्ट्या बदलता बदलता शिकली.

सही करायची नाही. त्या कागदावर तुझं नाव पडलं तं माझ्या दारात पाय ठेवू नको, सांगून ठेवते. हजार पोरी तोंडं बांधून कुठल्या तरी ओपीडीत बसतील, अन् कुठली तरी सिस्टर आपला डबा बंद करून त्यांच्या पट्ट्या काढेल.

अन् ऐक. ती पांढऱ्या झाकणाची डबी घरात असेल तं आजच्या आज फेक. बेबीची सर्दी सर्दी आहे काय ते पाह्य. नीट पाह्य. तिच्यावर रागावू नको, तिची चूक नाही.

प्रतिमामावशी


मदन महल, जबलपूर
२५ फेब्रुवारी १९९९

मावशी,

झाकण पांढरं आहे हे तुला कोणी सांगितलं?

मी तुला डबीबद्दल कधी काही लिहिलं नव्हतं. बाजाराच्या डब्यांना गुलाबी झाकण आहे. पांढरं फक्त चाचणीच्या डब्यांना, त्या माझ्या पिशवीत असतात. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि उठून बेबीच्या खोलीत गेले. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी म्हटलं, ओढणी काढ. नाही म्हणाली. मी ओढली. तिनं हातांनी तोंड झाकलं तर मी हात बाजूला केले. मोठ्या बहिणीनं असं करू नये, पण केलं.

तोंडाभोवती आणि दोन्ही गालांवर काळं. हनुवटीवरची कातडी ओल्या भिंतीचा चुना सुटतो तशी सुटलेली, आणि तिथून पाणी. सात सकाळी नाही, वीस दिवस लावलं पोरीनं, तेही रात्रभर थापून, लवकर फरक पडावा म्हणून. आणि मावशी, तिच्या जखमांना गुलाबाचा वास येत होता. माझ्या गुलाबाचा. मी तिला जवळ घेतलं आणि मला तिची किळस आली. माझ्या बहिणीची! एक क्षणभर आली, आणि तिला ती कळली, कारण तिनं लगेच मला ढकललं.

तुझी चिठ्ठी तिच्या उशीखाली होती. तू नको उघडू म्हणाली होतीस, मी उघडली. "विनताच्या कारखान्यात चेहरा उजळायचं चांगलं क्रीम बनते. अठरा बायांवर पाहून झालं, कोणाला काही झालं नाही. एक डबी आणून लाव, एप्रिलपर्यंत फरक पडेल. विनताला नको सांगू, ती भाषण देईल." म्हणजे एकाच लिफाफ्यात मला लिहिलंस, तुझे शून्य पटत नाहीत, आणि तिला लिहिलंस, लाव. दररोज दहा-बारा जळलेली तोंडं पाहणारी बाई तू. तुझं मळमळणं कुठं गेलं होतं ग, चिठ्ठी लिहिताना? मालनबाईला नावं ठेवतेस. तिनं फोटो नुसता तिरपा केला.

आता माझं ऐक. सही करू की नको, हे मी तुला नऊ फेब्रुवारीला विचारलं, ते खोटं होतं. सही मी बारा जानेवारीलाच केली होती. तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. मालक म्हणाले, "पहली मैडम हैं जिनका नतीजा ज़ीरो आया," आणि मी फुगले आणि केली. तुला पत्र लिहिलं ते तू शाबासकी देशील म्हणून. चौकोन दिसल्यावरही खरं लिहायची हिंमत झाली नाही. वाटलं, तू सही नको म्हणशील आणि काहीतरी उपाय निघेल, आणि माझं झाकलेलं राहील. बायांनी बांगड्यांखाली झाकलं तसं.

तीन हजार डब्या भरून तयार आहेत. अकरा मार्चला इंदूरचा माणूस येतो आहे, माझ्या सहीवर उचलायला.

मला तुझी किळस येते. माझी जास्त येते. बाबांना बेबीनं अजून तोंड दाखवलेलं नाही.

विनता


नागपूर
२ मार्च १९९९, धुळवड

विनता,

तू लिहिलं ते सारं बरोबर आहे. मी स्वतःच्या बाजूनं काही नाही बोलत.

फक्त एक सांगते, माफीसाठी नाही, माहीत असावं म्हणून. माझ्या कानापाशी जो डाग आहे, मी सगळ्यांना जन्मखूण म्हणून सांगते. ती जन्मखूण नाही. मला पाहायला यायच्या आधी आईनं चुना अन् लिंबू लावून बसवली होती, सकाळपासून दुपारपर्यंत. मी जळते म्हणाली तं म्हणे, जरा सहन कर. विनता, बेबीनं मला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्र टाकलं होतं. मावशी, पांढऱ्या झाकणाची मिळाली, पण जळते. अन् मी कार्ड टाकलं, जरा सहन कर. हेच शब्द. तुझं चौकोनांचं पत्र आलं तेव्हा समजलं, मी काय करून बसली ते. तेव्हाही खरं नाही लिहिलं, झाकण तेवढं लिहून मोकळी झाली.

काल मालनबाईकडे गेली अन् सांगून आली की एप्रिलमध्ये कुणी जायचं नाही. कारण विचारलं. म्हटलं, तुम्ही रंग काढला अन् मी पोरीचा चेहरा जाळला. तिनं बेबीचा फोटो आणून परत दिला. चहाही नाही विचारला.

आता काम. बेबीला काहीच लावायचं नाही, साबणही नाही. साधं व्हॅसलीन पातळ, दिवसातून दोनदा. ऊन बिलकुल नाही, निघावंच लागलं तं छत्री. कातडी ओढायची नाही. पाणी सुटते तिथं आमच्या डॉक्टरांनी मलम लिहून दिलं, सोबत चिठ्ठी आहे, ही उघड. डाग जायला सहा महिने, वर्षही लागेल. जातील बहुतेक. पूर्ण जातीलच असं मी नाही म्हणत, खोटं बोलून झालं माझं.

सही तू केली, खोडायचीही तुलाच आहे. घरात बसून रडू नको. मी येऊ म्हणायला माझं तोंड राहिलं नाही. ती म्हणेल तेव्हा येईन.

प्रतिमा


मदन महल, जबलपूर
१६ मार्च १९९९

मावशी, जय भीम.

झालं ते सांगते.

मी नवा कागद आखला. लालीचा रकाना काढून टाकला. त्याऐवजी तीन घातले. जळजळ किती दिवस, हात लावून ऊन लागतं काय, काळं किती पडलं. दुपारच्या सुट्टीत बायांना एकेक करून बोलावलं आणि हाताची उलटी बाजू लावून पाहिली, तू सांगितलं तशी. दोघींचे चौकोन अजून ऊन होते, दोन महिन्यांनी. मी पहिल्यांदाच त्यांना हात लावला, मावशी. जानेवारीत चिकटपट्टी लावताना मी हातमोजे घातले होते.

इंदूरच्या माणसासमोर उभ्या राहाल काय म्हणून विचारलं. चौदातल्या सहा जणी नाही म्हणाल्या, काम जाईल. त्यांचं खरं होतं. एक म्हणाली, "आप तो पढ़ी-लिखी हो, कहीं और लग जाओगी." आठ जणी हो म्हणाल्या. भागीरथाबाई म्हणाली, "मी पुढं होते. माहा चौकोन सगळ्यात साजरा आला हाय."

अकराला इंदूरचा माणूस आला. पांढरा सफारी, हातात लेदरची बॅग. मालकांनी डबी उघडून दिली, त्यानं हातावर थोडं चोळलं, हुंगलं, "खुशबू अच्छी है," म्हणाला. मालकांनी माझा जानेवारीचा कागद पुढे ठेवला. मी तो उचलला, म्हटलं, "ये साइन मेरी है, और ये ग़लत है." आणि त्यांच्याच पेनानं सही खोडली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. मालक हसले, "मैडम की तबीयत ठीक नहीं है." तेवढ्यात भागीरथाबाई आत आली आणि बांगड्या वर केल्या. मागून सगळ्या. आठ हात, आठ चौकोन.

त्या माणसानं चष्मा वर करून पाहिलं. मग म्हणाला, "अरे, बाँह का क्या है. चेहरे पर थोड़े ही हुआ है." आणि मालक लगेच, "वही तो!" मावशी, मला वाटलं संपलं. त्या तीन हजार डब्या आता निघणार आणि मी नुसती खोडलेल्या सहीचा कागद घेऊन उभी राहणार.

दारातून आवाज आला, "चेहरे पर भी है, भैया. पास से देखिए."

बेबी. मदन महलहून एकटी टेंपोनं आली होती. छत्री होती हातात, ओढणी नव्हती. मी तिला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं, पण ये म्हटलं नव्हतं, आईची शपथ. सव्वा महिना जी पोरगी बाबांना तोंड दाखवत नव्हती ती ट्यूबलाइटखाली येऊन उभी राहिली आणि एकदा हा गाल दाखवला, एकदा तो. म्हणाली, "बीस दिन लगाया. मेरी दीदी ने बनाया है."

तो माणूस मागे सरकला. त्याच्या तोंडावर किळस आली, अशी की खुर्ची पडली. मग त्याला स्वतःच्या हातावर चोळलेलं आठवलं. नळावर गेला आणि साबण लावून हात धुतला, पुन्हा लावला, पुन्हा धुतला. मला इतका आनंद झाला, आणि त्याच वेळी मी बेबीकडे पाहिलं. ती त्याला धुताना पाहत होती. तिनं मान खाली घातली नाही. पण ते तिनं पाहिलं, आणि ते आता तिच्यापाशी राहील.

माल गेला नाही. माझी नोकरी गेली. मालकांनी पान थुंकून मला जे म्हटलं ते मी लिहीत नाही. परवा भागीरथाबाईनं निरोप आणला की डब्यांची लेबलं सोलून राहिले, टाचेच्या भेगांचं क्रीम म्हणून कुठे तरी खपवणार. म्हणून मी औषध-निरीक्षकाला अर्ज दिला. दोन्ही कागद जोडले, खोडलेला आणि नवा. निम्मा सोडा मीच केला हेही लिहिलं. आठ जणींच्या सह्या आहेत, त्यातल्या तिघींचे अंगठे. माझी सही सगळ्यात खाली आहे.

केसांचा वास अजून गेला नाही. बाबांनी बेबीला पाहिलं. मग बाजारात जाऊन छत्री घेऊन आले, घरात एक असताना.

खालची जागा बेबीनं मागितली आहे, तिला सोडते.

विनता


मावशी,

माझी मराठी कच्ची आहे, समजून घे. दीदी सकाळ-शाम उलटा हात लावून बघते. कालपासून डावा गाल थंड आहे म्हणते. उजवा थोडा गरम आहे.

मी माफ केलं असं मावशीला लिहू नको, मी दीदीला म्हटलं, कारण नाही केलं. तू लिहिलं होतं ना, जरा सहन कर. मी केलं. रोज रात्री तुझी चिठ्ठी वाचून केलं. तुझ्यावर इतका भरोसा होता.

तू ये. दार मीच उघडीन आणि ओढणी घेणार नाही. तुझ्या ओपीडीतल्या मुलींना बघते तसं नाही, डबा बंद करून नाही. समोर बसून बघ, दोन्ही गाल, हात लावून. तुझा तो कानाजवळचा डाग पण मला दाखव. मग मी चाय करीन, आणि मग काय बोलायचं ते बोलू.

बेबी